हजारात सातशे एक्केचाळीस

रंगनाथ इंगोल्यांना "माल कधी येईल?" असं कुणीही विचारलं, की उत्तर ठरलेलं असे. "साधारण गुरुवारपर्यंत." वार बदलायचा, 'साधारण' काही बदलायचं नाही.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत दामल्यांचा पंपांचा कारखाना होता आणि त्याच्या स्टोअरमध्ये इंगोल्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. मॅट्रिकचा दाखला आणि एक वळकटी घेऊन ते वऱ्हाडातल्या कारंज्याहून पुण्यात आले, स्टोअरमध्ये खोकी उचलायला लागले, पुढे स्टोअरकीपर झाले आणि मग हळूहळू खरेदीही त्यांच्याच गळ्यात पडली. कोण पुरवठादार गोड बोलून आठ दिवस झुलवतो, कोण फोनवर खेकसतो पण माल वेळेत टाकतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर फार थोडं.

२००५ सालच्या जानेवारीत कारखान्याला परदेशातली पहिली मोठी ऑर्डर मिळाली. युरोपातल्या एका कंपनीला दूधडेअरीसाठी पंप हवे होते, पहिल्या वर्षी बाराशे. हे पंप रोज उकळत्या पाण्यानं धुतले जाणार होते, त्यामुळे सगळा भरवसा आतल्या एका रबरी रिंगेवर. बांगडीएवढी रिंग, पण ती फुगली की पंप गळलाच म्हणून समजा. गिऱ्हाईकाची अट होती की वर्षभर रिंगा एकाच पुरवठादाराकडून घ्यायच्या, आणि तोच का निवडला हे लेखी कळवायचं. मुदत दोन महिने.

श्याम दामल्यांनी इंगोल्यांना केबिनमध्ये बोलावलं. दामले म्हणजे सदाशिव पेठेत जन्मलेले मालक. एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं खर्च न करणारे.

"रिंगा कुणाकडून घ्यायच्या?"

"संपतकडून, साहेब. लोणीचा संपत काळभोर."

"का?"

इंगोले गोंधळले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "माणूस चांगला आहे," ते म्हणाले.

दामल्यांनी चष्मा काढून पुसला. "असं करू का? युरोपात पत्र धाडतो. 'माणूस चांगला आहे. कळावे.'"

इंगोल्यांचे कान लाल झाले. त्यांच्यामागे दारात एक मुलगी उभी होती. खांद्याला लॅपटॉपची बॅग, केसांना साधी क्लिप. दामल्यांनी ओळख करून दिली. रुपाली तुपे. स्टोअर आणि खरेदी संगणकावर आणण्याचं काम एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीला दिलं होतं, तिथली इंजिनिअर. "या तुमच्या डोक्यातलं काढून घेतील," दामले म्हणाले.

ते वाक्य इंगोल्यांच्या जिव्हारी लागलं. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची कुजबुज चाललीच होती. डोक्यातलं एकदा मशीनमध्ये गेलं की डोक्याला कोण ठेवतंय? त्या संध्याकाळी धायरीच्या घरी ते गप्प गप्पच जेवले. त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी दोनदा विचारलं, "काहून जी, बरं वाटत नाही काय?"

दुसऱ्या दिवशी रुपाली स्टोअरमध्ये त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. तीन नावं विचारात होती: लोणी काळभोरचा संपत, भोसरीची एक मोठी, नावाजलेली कंपनी, आणि धायरीतल्या आनंदीबाई, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये बायकांना घेऊन रबराचं काम सुरू केलं होतं.

"काका, संपतरावांचा माल किती दिवसांत येतो?"

"साधारण आठ."

"साधारण म्हणजे?"

आली पुन्हा तीच चेष्टा, इंगोल्यांना वाटलं. ते तुटकपणे म्हणाले, "साधारण म्हणजे साधारण. कधी सहा, कधी जास्त. माणसं आहेत, मशीन नाहीत."

"मला तेच हवंय," रुपाली पुढे सरकली. "एक आकडा सांगितलात तर तो खोटा असेल. तीन सांगा. लवकरात लवकर किती, बहुतेक वेळा किती आणि उशिरात उशिरा किती."

इंगोल्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी थट्टा करत नव्हती. "सहा," ते सावकाश म्हणाले. "बहुतेक वेळा आठ. आणि उशिरात उशिरा..." ते जरासे अडखळले. "अठरा."

तिनं तिन्ही आकडे टाइप केले. पडद्यावर एक त्रिकोण उमटला. डावीकडे सहा, शेंडा आठावर, उजवी बाजू अठरापर्यंत लांब उतरत गेलेली.

"हे बघा तुमचं 'साधारण'."

इंगोले खुर्चीतून उठले आणि पडद्यापाशी वाकले. एकोणतीस वर्षं ज्या शब्दापायी बोलणी खाल्ली, तो शब्द समोर रेघा काढून उभा होता! त्याला रुंदी होती, उंची होती. आणि त्यांना एकदम कळलं की भोसरीचा त्रिकोण अगदी निमुळता निघेल, आणि आनंदीबाईंचा पसरट, कारण त्यांच्याबद्दल आपल्याला फारसं माहीतच नाही.

"म्हणजे माहीत नाही, हेही सांगता येतं?" त्यांनी विचारलं.

"सांगायलाच हवं काका. किती माहीत नाही, तेवढं फक्त नीट सांगायचं."

त्या दिवशी जेवणाचा भोंगा वाजून गेला तरी इंगोल्यांना कळलं नाही. रिंगेचा टिकाऊपणा, तारीख, किंमत, तक्रार केल्यावर ऐकून घेण्याची तयारी... एकेका मुद्द्यावर ते तीन तीन आकडे सांगत गेले. मध्येच उठून जुनी चलनं उपसून ताळा बघत होते. स्टोअरमधली माणसं एकमेकांना खुणा करायला लागली.

मग प्रश्न आला, कुठल्या मुद्द्याला किती वजन द्यायचं? रुपाली म्हणाली, दोन दोन मुद्दे समोरासमोर ठेवायचे आणि विचारायचं, यातलं महत्त्वाचं कुठलं आणि कितीपट? हे जे लोक पंप जोडतात त्यांनाच विचारायला हवं. इंगोल्यांनी जोडणी विभागाच्या दत्तोबाला बोलावलं. दत्तोबा हडपसरच्याच मातीतला, जुना फोरमन.

"टिकाऊपणा मोठा का तारीख?"

"टिकाऊपणा! तिप्पट मोठा हाय."

"तारीख मोठी का किंमत?"

"तारीख. दुप्पट."

"मग किंमत मोठी का टिकाऊपणा?"

दत्तोबानं दामल्यांच्या केबिनकडे एक नजर टाकली आणि आवाज चढवून म्हणाला, "किंमत! मालकाचं नुकसान व्हता कामा नये."

पडद्यावर लाल अक्षरं चमकली. रुपाली हसू दाबत म्हणाली, "दत्तोबा, तुमच्या उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसत नाही असं म्हणतोय तो."

"मला खोटारडा म्हणतोय व्हय?" दत्तोबा उसळला. मग डोकं खाजवत बसला. जरा वेळानं हळूच म्हणाला, "किंमत मागं घ्या. साहेबांस्नी ऐकू जावं म्हणून बोललो व्हतो."

स्टोअरमध्ये असा हशा उसळला की दामले बाहेर डोकावले. इंगोले हसत होते, पण त्यांच्या मनात काहीतरी सुरू झालं होतं. मनाला एक वाटतं आणि तोंड दुसरं बोलतं, ते या पोरीच्या यंत्रानं बरोबर पकडलं होतं.

पुढच्या आठवड्यात इंगोल्यांनी आपल्या स्कूटरवरून तिन्ही ठिकाणं पालथी घातली. भोसरीत काचेच्या दारामागे पृथ्वीराज नावाचा टायवाला अधिकारी भेटला. चहा आला, गुळगुळीत कागदाचं पुस्तक आलं, आणि मग त्यानं अदबीनं सांगितलं की मोटारकंपन्यांच्या ऑर्डरी आधी, आपला नंबर त्यांच्यानंतर. इंगोल्यांना राग आला नाही. त्यांनी वहीत तीन आकडे लिहिले आणि बाहेर पडले.

लोणीत संपतनं गळामिठीच मारली. उसाच्या बांधालगत त्याची शेड, रबर दाबून शिजवणारे दोन प्रेस, सहा माणसं. माल देखणा. पण इंगोले होते तेवढ्यात लाईट गेली आणि प्रेस थंड पडले. "रोजचंच हाय," संपत म्हणाला, "चला, वांग्याचं भरीत खाऊन घ्या."

धायरीत आनंदीबाईंच्या शेडमध्येही लाईट नव्हती. तरी प्रेस चालू होते. मागे जनरेटर धडधडत होता. कमरेला पदर खोचलेल्या आनंदीबाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि काम न थांबवता बोलत राहिल्या. वडिलांची जमीन बिल्डरकडे गेली तेव्हा त्यांनी आपला वाटा मागून घेतला आणि त्यातून ही शेड उभी केली होती. भिंतीवर खडूनं त्या महिन्यात वाया गेलेल्या रिंगांचा आकडा लिहिला होता. कमी नव्हता.

"पुसला असता तर मला कळलंही नसतं," इंगोले म्हणाले.

"मला कळलं असतं ना, भाऊ."

शुक्रवारी सगळे आकडे संगणकात गेले. रुपालीनं समजावून सांगितलं की प्रत्येक त्रिकोणातून यंत्र एकेक आकडा चिठ्ठीसारखा उचलणार, त्या आकड्यांवरून पहिला नंबर ठरवणार, आणि असं हजार वेळा करणार. हजार वेगवेगळी वर्षं आली तर किती वर्षांत कोण सरस ठरेल, ते कळणार. इंगोले, दत्तोबा आणि आणखी चौघं पडद्याभोवती गोळा झाले. रुपालीनं बटण दाबलं. आकडे भराभरा पळाले आणि थांबले.

लोणी चारशे एकतीस. धायरी तीनशे चौऱ्याऐंशी. भोसरी एकशे पंच्याऐंशी.

"संपत!" दत्तोबानं टाळी वाजवली. इंगोल्यांच्याही छातीत आनंदाची उकळी आली. पण रुपालीचा चेहरा खुलला नाही. फरक फार थोडा होता. तिनं आणखी काही कळा दाबल्या. निकाल कुठल्या आकड्यांवर तोलला गेलाय, ते तिला पाहायचं होतं. दोनच निघाले. एक, आनंदीबाईंची रिंग उकळत्या पाण्यात किती टिकेल, जे कुणालाच माहीत नव्हतं. आणि दुसरा, संपतचा उशिरात उशिराचा आकडा.

"काका, हे अठरा पक्के ना?"

तीन वर्षांपूर्वी संपतच्या लेकीचं लग्न होतं. त्या वेळी माल आला होता सव्विसाव्या दिवशी. इंगोले स्वतः त्या लग्नात पंगतीला बसले होते आणि मालकाला सांगितलं होतं की संपतच्या कच्च्या रबराचा ट्रक घाटात अडकला. हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. अठरावर ठाम राहिले असते तर संपतचं नाव पुढेच राहिलं असतं.

"सव्वीस," ते म्हणाले. "अठरा नाही. सव्वीस लिही. मी लपवलं होतं."

रुपालीनं आकडा बदलला आणि पुन्हा बटण दाबलं. धायरी चारशे नऊ, लोणी तीनशे सत्त्याण्णव. जवळजवळ बरोबरीच! गंमत म्हणजे इंगोल्यांना वाईट वाटण्याऐवजी अंगात वारं भरल्यासारखं झालं. "अगं, मग आता एकच उरलं," ते जवळजवळ ओरडलेच. "उकळून बघू!"

स्टोअरच्या मागे भट्टीवर मोठा ड्रम चढला. तिघांकडून तीस तीस रिंगा मागवल्या. कुणाची कुठली ते कळू नये म्हणून रुपालीनं लाल, पिवळे आणि हिरवे दोरे बांधले आणि खुलाशाचं पाकीट चिकटवून दामल्यांच्या कपाटात ठेवलं. रोज आठ तास उकळायचं, असे दहा दिवस. इंगोले सकाळी सातला हजर होऊ लागले. दर संध्याकाळी ते प्रत्येक रिंग पुसून तिची जाडी मोजायचे आणि आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचे. चौथ्या दिवसापासून घरी जाणारे कामगार तक्त्यासमोर थांबायला लागले, जसा एखादा सामन्याचा धावफलक असावा. हिरव्या किंचित फुगत होत्या, पण सगळ्या सारख्याच. लाल रिंगांपैकी काही फुगत, काही नाही. पिवळ्या जवळजवळ जशाच्या तशा.

"पिवळी संपतची," इंगोले दत्तोबाच्या कानात म्हणाले. "वीस वर्षं हाताळलेली रिंग मला ओळखू येणार नाही?"

"काहून एवढे हरकलात?" यमुनाबाईंनी घरी विचारलं. इंगोल्यांनी ताट बाजूला सारून त्यांना त्रिकोण काढून दाखवला. मग घरच्या दूधवाल्याचा त्रिकोण काढला. यमुनाबाई म्हणाल्या, "याची उजवी बाजू पार सिंहगडापर्यंत नेऊन सोडा." दोघंही मनसोक्त हसले.

दहाव्या दिवशी दामले स्वतः पाकीट घेऊन स्टोअरमध्ये आले. पन्नास-साठ माणसं जमली होती. दामल्यांनी पाकीट फोडलं आणि कागद वाचला.

"हिरवा दोरा, भोसरी. लाल, लोणी. पिवळा, धायरी."

इंगोल्यांना क्षणभर वाटलं, साहेबांनी चुकीचं वाचलं. दहा दिवस ते ज्या रिंगांसाठी जीव टाकत होते, त्या आनंदीबाईंच्या होत्या! ते खाली बसले आणि एकदम खदखदून हसायला लागले. दत्तोबानं घाबरून पाणी आणलं. "काही नाही रे," इंगोले डोळे पुसत म्हणाले. "माझ्या हातानं मलाच फसवलं."

नवे आकडे आत गेले. आनंदीबाईंचा पसरट त्रिकोण आता निमुळता झाला होता. बटण दाबायला रुपालीनं इंगोल्यांना सांगितलं. त्यांनी ते दाबलं. धायरी सातशे एक्केचाळीस. लोणी एकशे अडुसष्ट. भोसरी एक्क्याण्णव.

पत्र इंगोल्यांनी स्वतः लिहिलं, मराठीत, सात पानं. रुपालीनं ते इंग्रजीत केलं. दामल्यांनी सातही पानं वाचली. "एकोणतीस वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं बोलला नव्हतात," ते म्हणाले आणि सही केली. त्यांच्या तोंडून ही शाबासकीच होती, हे इंगोल्यांना ठाऊक होतं.

मार्चमध्ये गिऱ्हाईकाचा माणूस आला, उंच आणि शांत. त्यानं पत्रावर बोट ठेवून विचारलं, हजारातल्या उरलेल्या दोनशे एकोणसाठ वेळांचं काय? रुपाली उत्तर द्यायला निघाली, तर इंगोले मोडक्यातोडक्या इंग्रजीत आधीच बोलू लागले. उरलेल्यांसाठी लोणीला महिन्याला थोडी ऑर्डर चालू ठेवायची, म्हणजे धायरीला अडचण आली तर काम अडणार नाही. तुमची परवानगी असेल तर. पाहुण्यानं लगेच परवानगी दिली. जाताना तो दामल्यांना म्हणाला की आजवर प्रत्येक कारखान्यानं त्याला शंभर टक्के खात्री दिली होती, आणि त्याची झोप तिथंच उडाली होती.

अवघड काम पुढेच होतं. रविवारी इंगोले एकटेच लोणीला गेले आणि संपतला सगळं सांगितलं, सव्वीस दिवसांसकट. संपतचा चेहरा काळवंडला.

"म्हंजे माझ्या लेकीचं लगीन तुम्ही मशिनीत घातलं?"

"घातलं," इंगोले म्हणाले. "माझा खोटेपणाही घातला. तुला वाईट वाटणार, हे मला ठाऊक होतं."

संपतनं उसाकडे तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "रबर नीट शिजत नाय, त्ये मला बी ठावं हाय. मधीच लाईट जाती, प्रेस गार पडतो. काही रिंगा कच्च्या राहत्यात." आणि मग अचानक वळला. "जनरेटर घेतला तर माझा आकडा किती व्हईल?"

इंगोल्यांनी तिथेच बांधावर बसून वही उघडली. दोघांची डोकी एकत्र आली. जेवायला हाका आल्या तरी कुणी उठलं नाही. दिवाळीच्या आत संपतच्या शेडमागे जनरेटर बसला.

ऑगस्टमध्ये पहिला कंटेनर निघायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी टेम्पो भरून धायरीच्या सोळा बायका कारखान्यात आल्या. त्यांनी शेकडो रिंगा घडवल्या होत्या, पण त्या जातात कुठे, ते कधी पाहिलं नव्हतं. बोलावणं इंगोल्यांचंच होतं. दत्तोबानं पंप पाण्याच्या टाकीला जोडला आणि कळ दाबली. पंप घुमला, दाबाचा काटा चढत चढत लाल खुणेपर्यंत गेला. सोळाजणी आणि अर्धा कारखाना मिळून रिंग बसवलेल्या एका सांध्याकडे टक लावून बघत होता.

एका बाईनं पुढे होऊन तो सांधा पदरानं पुसला आणि पदर उंच धरून सगळ्यांना दाखवला. कोरडा ठक्क! एकच आरडाओरडा झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी आनंदीबाईंना कवेत घेतलं. दामले दारात उभे होते, आणि ते चक्क टाळ्या वाजवत होते.

गोंगाट जरा ओसरल्यावर आनंदीबाई इंगोल्यांजवळ आल्या.

"भाऊ, पुढच्या महिन्याला किती रिंगा लागतील?"

"चारशे. पण या वेळी तुमची मुदत तुम्ही सांगा."

"मंगळवार," आनंदीबाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "फार तर गुरुवार," आणि बायकांना टेम्पोत बसवायला निघाल्या.